दर गुरुवारची पेज: लहान सेवा देवाच्या हाती सोपवणे म्हणजे नेमके काय?

वास्कोची परिचारिका

सर्वांना नमस्कार. मी मूळची मिरजेची असून परिचारिकेच्या नोकरीतून निवृत्त झाले आहे आणि गेली अनेक वर्षे वास्कोत राहते. आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीच्या स्त्री मंडळातील आम्ही चौघीजणी ११ वर्षांपूर्वीपासून दर गुरुवारी बांबोळीला जात आलो आहोत. तेथील मोठ्या इस्पितळात दोडामार्ग, सावंतवाडी, वेंगुर्ले, कुडाळ या भागांतून पुष्कळ रुग्ण येतात. रुग्णाला आत खाट मिळते, पण त्याच्याबरोबर आलेली आई, भाऊ किंवा बायको कित्येक दिवस बाहेरच काढते. त्यांच्यासाठी आम्ही उकड्या तांदळाची पेज, लोणचे आणि थर्मासमध्ये गरम पाणी नेतो. कोणाला एखादा कागद वाचून हवा असेल तर वाचून दाखवतो आणि कोणी प्रार्थना करा म्हणाले तर प्रार्थना करतो. याहून अधिक काही नाही.

या वर्षी आमच्यातील एक बहीण प्रभूकडे गेली आणि दुसरी मुलाकडे पुण्याला राहायला गेली. आता आम्ही दोघी उरलो आहोत आणि दोघींचेही गुडघे दुखतात. अशात एका बैठकीत सहज विचारले गेले, की ११ वर्षांत या कामातून काय निष्पन्न झाले? विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हते, पण मला उत्तर देता आले नाही. ज्यांना पेज दिली त्यांची नावेही मला ठाऊक नाहीत. कोण बरे होऊन घरी गेले आणि कोण गेले नाही, हे कळण्याचा मार्गच आमच्याजवळ नव्हता.

त्या रात्री मी मार्ककृत शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातील बी आपोआप वाढण्याचा दाखला पुन्हा वाचला. माणूस बी टाकतो, रात्री झोपतो, दिवसा उठतो आणि ते बी रुजते व वाढते. ते कसे, हे त्याला कळत नाही. हा दाखला मी शब्बाथशाळेत मुलांना कितीतरी वेळा शिकवला आहे, परंतु स्वतःला तो समजावता येईना. फळ देव देईल असे म्हणणे म्हणजे खरोखरचा विश्वास आहे, की काम फळाला येत नाही हे मान्य करायचे नाही म्हणून मी घेतलेला आधार आहे? आणि आता आम्ही थांबावे का? आपल्याला जे खरे वाटते ते मोकळेपणाने लिहावे, ही विनंती.

रायचा शेतकरी

ताई, माझे प्राथमिक शिक्षण मराठी शाळेत झाले म्हणून येथे लिहिण्याचे धाडस करतो. तुम्ही म्हणता त्या दाखल्यात लोकांना झोपणारा माणूस आधी दिसतो; मला त्याचे बी टाकणे आधी दिसते. आमच्या सासष्टी तालुक्यात खाजन शेती आहे. नदीचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध असतो आणि बांधात मानस, म्हणजे झडपेचे दार असलेली मोरी, असते. भरती चढू लागली की पाण्याच्या दाबाने मानसीचे दार मिटते आणि ओहोटी लागली की ते उघडून आतले पाणी बाहेर जाते. रात्री दोन वाजता ते दार मिटायला कोणी जात नाही. मात्र दाराच्या फळ्या कुजल्या, बांधाला खेकड्यांनी भोके पाडली आणि त्याकडे कोणी पाहिले नाही, तर एका भरतीत त्या हंगामाचे भात जाते आणि जमिनीत उतरलेले मीठ धुऊन निघायला पुढचे पावसाळे लागतात. भरती-ओहोटी देवाची आहे आणि फळ्या आमच्या आहेत. आपोआप या शब्दाचा अर्थ मला शेतात असा कळला.

दुसरी गोष्ट कोणसांच्या फेस्ताची, म्हणजे कणसांच्या सणाची. आमच्या राय गावात ते ५ ऑगस्टला होते. पाद्री नव्या भाताच्या कणसांना आशीर्वाद देतात आणि लोक ती घरी नेऊन ठेवतात. त्या दिवशी आजूबाजूचे बहुतेक शेत अजून हिरवे असते आणि दाणा भरायचा असतो. पुढे पाऊस कसा पडेल हे कोणालाच माहीत नसते, तरी उपकारस्तुती आधी होते. तुमच्या गुरुवारांकडे पाहताना मला हेच आठवले.

फोंड्याचा वाचक

ताई, मी हिंदू आहे आणि ख्रिस्ती धर्मग्रंथांचा माझा अभ्यास नाही, म्हणून काही चुकीचे लिहिले गेल्यास सांभाळून घ्यावे. तुमचा प्रश्न वाचून मला भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील ४७ वा श्लोक आठवला, ज्यात कर्मावर तुझा अधिकार आहे, फळावर नाही, असे सांगितले आहे. तुम्ही म्हणता ते हेच आहे का? की त्यात काही वेगळे आहे?

दुसरे विचारायला मला संकोच वाटतो, पण तुम्ही मोकळेपणाने लिहा असे म्हणालात म्हणून विचारतो. ख्रिस्ती सेवेत फळ हा शब्द आला की आमच्यापैकी अनेकांच्या मनात धर्मांतराचा विचार येतो. पेज देताना तुमच्या मनात ते फळ असते का?

वास्कोची परिचारिका

भाऊ, दोन्ही प्रश्न विचारलेत हे बरे केलेत. दुसऱ्याचे उत्तर आधी देते, कारण ते दिल्याशिवाय पहिल्याचे उत्तर कोणी मनापासून ऐकणार नाही.

पेजेला कसलीही अट नाही आणि कधी नव्हती. आजारी माणसाच्या नातेवाइकाच्या हातात वाटी देऊन त्याच्या मनाचा सौदा करणे हे माझ्या दृष्टीने पाप आहे. माझा प्रभूवर विश्वास आहे आणि तो मी लपवत नाही. कोणी विचारले तर आनंदाने सांगते. पण लूककृत शुभवर्तमानाच्या १७ व्या अध्यायात येशूने दहा कुष्ठरोग्यांना बरे केल्याची हकीकत आहे. त्यांतील एकटाच परत आला आणि त्याने देवाचा गौरव केला. बाकीचे नऊ जण कोठे आहेत, असे येशूने विचारले, म्हणजे त्याला त्याचे वाईट वाटले असणारच. परंतु त्या नऊ जणांचे कुष्ठ परत आले, असे कोठेही लिहिलेले नाही. दिलेली कृपा त्याने मागे घेतली नाही. नोकरीच्या काळात ही हकीकत मी मनाशी फार जपली, कारण रुग्ण आभार मानेल या अपेक्षेने ड्रेसिंग करणाऱ्या परिचारिकेचा हात लवकर जड होतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

आता पहिला प्रश्न. गीतेवर मत देण्याचा मला अधिकार नाही, म्हणून फक्त आमच्याकडचे सांगते. आमच्याकडे मजुराला पीक विसरून जा असे सांगितलेले नाही. पीक नक्की येणार आहे, पण शेत दुसऱ्याचे आहे, असे सांगितले आहे. प्रेषित पौल करिंथकरांना पहिल्या पत्रात लिहितो की मी लावले, अपुल्लोसाने पाणी घातले, पण वाढवणारा देव आहे. त्याच पत्राच्या पंधराव्या अध्यायाच्या शेवटी तो म्हणतो की प्रभूमध्ये तुमचे श्रम व्यर्थ नाहीत. हे त्याने मृतांच्या पुनरुत्थानाविषयी सविस्तर लिहिल्यानंतर म्हटले आहे, आणि मला वाटते की त्या आशेवाचून ते म्हणता आले नसते. जी बाई बांबोळीहून नवऱ्याचे शव घेऊन कुडाळला परत गेली, तिला दिलेल्या वाटीभर पेजेचे फळ या जगात कोठे शोधायचे? ते कोठेच नसेल, तर माझा विश्वास भाबडा आहे. परंतु ज्याने ख्रिस्ताला मेलेल्यांतून उठवले त्याच्याजवळ ती वाटी जमा असेल, तर मला तिचा हिशेब ठेवण्याचे कारण नाही.

म्हणून फळाविषयी मी उदासीन राहावे असे मला वाटत नाही. मी त्याची इच्छा धरावी आणि त्यासाठी प्रार्थना करावी. सोडायचा आहे तो हिशेब. हे लिहिताना मला स्पष्ट होते आहे. त्या रात्री झाले नव्हते.

फोंड्याचा वाचक

ताई, आभारी आहे. नऊ जणांविषयी तुम्ही लिहिलेले माझ्या मनात राहील.

म्हापशाचा कार्यकर्ता

मी थोडा विरोधी सूर लावतो आहे, ताईंनी गैरसमज करून घेऊ नये. मी ख्रिस्ती आहे आणि सामाजिक काम करतो. हिशेब सोडायचा असे ताईंनी म्हटले, ते वाचून मला काळजी वाटली, कारण फळ देव देईल हे वाक्य मी स्वतः एकदा फार वाईट प्रकारे वापरले आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही काही तरुणांनी वर्गणी काढून एका बांधकामावरच्या मजुरांना ब्लँकेटे वाटली. छायाचित्रे काढली, प्रार्थना केली आणि घरी आलो. महिन्याभराने मी त्या बाजूने गेलो तेव्हा ती ब्लँकेटे सिमेंटच्या पोत्यांवर झाकलेली दिसली. एका मजुराने मला शांतपणे सांगितले की झोपायला त्यांच्याजवळ पुरेसे होते, पण पिण्याच्या पाण्याचे पिंप फुटले होते आणि बायकांना दूरवरून पाणी आणावे लागत होते. आम्ही त्यांना काय हवे ते विचारलेच नव्हते. हे मी आमच्या गटात सांगितले तेव्हा उत्तर मिळाले, की आपण प्रेमाने दिले, पुढचे देव पाहील. आणि मीही ते मान्य केले, कारण ते सोयीचे होते.

देव आमच्या चुकीतूनही काही चांगले करू शकतो यावर माझा विश्वास आहे. परंतु म्हणून न पाहता दिलेल्या दानाला मी विश्वास म्हणणार नाही. रायच्या भाऊंनी म्हटलेल्या कुजक्या फळ्या त्या याच.

वास्कोची परिचारिका

तुम्ही विरोधी नाही, योग्य तेच लिहिले आहे. आमच्याही हातून असे झाले होते. पहिले वर्षभर आम्ही चहा आणि बिस्किटे नेत होतो. एके दिवशी एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, बाई, चहा सगळीकडे मिळतो, माझ्या बायकोला औषधाबरोबर घ्यायला गरम पाणी मिळत नाही. सकाळपासून पोटात काही नाही आणि वर चहा, त्याने आम्हाला जळजळ होते, असेही त्यांनी सांगितले. मी परिचारिका असून मला ते सुचले नव्हते. त्यानंतर पेज आणि गरम पाणी सुरू झाले.

मी हिशेब म्हटले तो किती वाट्या, किती माणसे, किती जण बदलले, हा. लोकांनी काय मागितले याची वही ठेवणे वेगळे, आणि ती मी ठेवायला हवी होती. पहिल्या हिशेबात मी माझ्याकडे पाहते. दुसऱ्यात त्या माणसाकडे.

मुरगावचा वडील

मी ताईंच्याच मंडळीत वडील, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्यांपैकी एक आहे. बैठकीत तो प्रश्न विचारला गेला तेव्हा मी उपस्थित होतो आणि गप्प बसलो, याबद्दल येथे त्यांची क्षमा मागतो.

मराठी ख्रिस्ती माणसाने फळाची चिंता करताना रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या आयुष्यातील एक प्रसंग आठवावा असे मला वाटते. १८९३ साली टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. रेल्वेच्या डब्यात एका युरोपीय गृहस्थाशी त्यांची गाठ पडली. त्या गृहस्थाने त्यांच्याशी आदराने संवाद केला आणि निरोप घेताना नवा करार त्यांच्या हाती दिला. टिळकांनी तो वाचायला घेतला, डोंगरावरील प्रवचनापाशी ते थांबले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. १९१९ मध्ये ते निवर्तले, तरी त्यांची भजने नाहीत असे मराठी उपासनेचे पुस्तक आजही सापडणे कठीण आहे. आणि तो गृहस्थ कोण होता, हे टिळकांना कळले नाही. सगळ्या महाराष्ट्रातील आणि इथल्या आमच्या लहानशा मंडळीतील माणसे ज्याचे देणे लागतात, त्याचे नाव टिळकांनाही घेता आले नाही.

मला त्यात विशेष वाटते ते हे, की त्या गृहस्थाने मोठे काही केले नाही. सोबत होती ती पोथी दिली आणि सहप्रवाशाला मान दिला. पंडित वाटणाऱ्या माणसाशी वाद घालून त्याला हरवण्याचा मोह त्याला झाला असता तर काय झाले असते, असा विचार मी कधी कधी करतो.

ताई, दोघींना जमेल तेवढेच करा. योहानकृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातील मुलाजवळ जवाच्या पाच भाकरी होत्या. सहावी उसनी आणायला त्याला कोणी पाठवले नाही.

बाणावलीकर

मी कॅथलिक आहे, त्यामुळे संतांविषयी माझी आणि येथील काही जणांची समजूत वेगळी असेल, पण ही गोष्ट सर्वांची आहे. संत जोसेफ वाझ यांचा जन्म आमच्या बाणावलीत २१ एप्रिल १६५१ रोजी झाला. श्रीलंकेच्या किनारपट्टीवर तेव्हा डचांची सत्ता होती आणि कॅथलिक पाद्रींना तेथे बंदी होती. १६८७ साली ते मजुराच्या वेशात, अनवाणी तेथे पोहोचले. १६९२ मध्ये कँडीत पोर्तुगीजांचे हेर समजून त्यांना कैदेत टाकण्यात आले. १६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली. लोक आपल्या आजाऱ्यांना टाकून पळू लागले, तेव्हा त्यांनी त्या रुग्णांची धुणीपुसणी केली, त्यांना खाऊ घातले आणि जे मेले त्यांना पुरले.

त्यांचे चरित्र सांगताना आम्ही लगेच १४ जानेवारी २०१५ ला येतो, ज्या दिवशी कोलंबोत पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत घोषित केले. मला मात्र मधला काळ महत्त्वाचा वाटतो. ते १६ जानेवारी १७११ ला कँडीत वारले. म्हणजे मृत्यूनंतर ३०४ वर्षे गेली. देवीच्या रुग्णाचे अंग पुसताना त्यांच्यापुढे ते अंग होते, कोलंबोचा समुद्रकिनारा आणि तेथे जमलेले लाखो लोक नव्हते. मी गोमेकॉत, म्हणजे बांबोळीच्या याच इस्पितळात, वडिलांना घेऊन १८ दिवस काढले आहेत. बाहेर बसलेल्या माणसाला त्या वेळी काय हवे असते ते मला ठाऊक आहे, म्हणून ताईंनी थांबू नये असे मी म्हणणार होतो. वर मुरगावच्या वडिलांनी लिहिलेले वाचून एवढेच म्हणतो की थांबायचे असेल तर थकलो म्हणून थांबा, व्यर्थ गेले म्हणून थांबू नका.

पिलारचा रहिवासी

बाणावलीकरांच्या लिखाणाला एक जोड. हणजूणचे पाद्री आग्नेल डिसोझा १८९७ मध्ये आमच्या पिलारच्या धर्मसंस्थेत आले. २० नोव्हेंबर १९२७ रोजी राशोल येथे ते वारले, तेव्हा ती संस्था जेमतेम तग धरून होती आणि ती टिकेल असे त्या वेळी कोणाला वाटले असेल असे मला वाटत नाही. तिची पुनर्रचना १९३९ मध्ये, त्यांच्या मागे १२ वर्षांनी झाली. आज वांद्रे, वाशी, वेर्णे येथे त्यांच्या नावाच्या शिक्षणसंस्था आहेत. त्यांनी स्वतः शाळा उभारण्याचा मोठा व्याप केला नव्हता. प्रवचने केली, पापनिवेदने ऐकली आणि उपवास केले.

जुन्या पोथ्यांचा अभ्यासक

राशोलचा उल्लेख आला म्हणून लिहितो. इंग्लंडहून १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली राशोल येथे छापले गेले. सासष्टीतील नव्या ख्रिस्ती लोकांना त्यांच्या सवयीच्या ओवीत येशूचे चरित्र ऐकता यावे, एवढाच त्याचा उद्देश होता. त्याच्या १६१६, १६४९ आणि १६५४ या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. १६८४ मध्ये तर येथील भाषांच्या वापराविरुद्धच पोर्तुगीज सरकारचे फर्मान निघाले. तरीही ते पुराण आपल्या हाती आहे, कारण लोकांनी त्याच्या प्रती हाताने उतरवून घेतल्या आणि त्या हस्तलिखितांवरून १९०७ मध्ये मंगळूरला ते पुन्हा छापता आले.

स्टीफन्स यांचे नाव आपण घेतो आणि ते घेतलेच पाहिजे. पण दिव्याच्या उजेडात दहा हजारांहून अधिक ओव्या ओळीने उतरवणारा जो कोणी होता, त्याने आपल्या घरातल्या वाचनासाठी ते केले असणार. माझ्या अभ्यासाच्या टेबलावर त्याच्याच कामाचे फळ आहे आणि त्याचे आभार मानायला माझ्याजवळ पत्ता नाही.

वास्कोची परिचारिका

सर्वांचे लिखाण मी दोन दिवस पुन्हा पुन्हा वाचले आणि काल माझ्या मैत्रिणीलाही वाचून दाखवले.

एक गोष्ट मी विसरले होते. माझी आजी लहान वयात विधवा झाली आणि आजारी अवस्थेत मिरजेच्या मिशन इस्पितळात आली. ती बरी झाली तरी तिला घरी न्यायला कोणी आले नाही. तेथल्या एका परिचारिकेने रात्रपाळी संपल्यावर तिला अक्षरे शिकवली. आजी पुढे त्याच इस्पितळात कामाला लागली, आईही लागली आणि मीही त्याच मार्गाने गेले. त्या परिचारिकेचे नाव आजीला आठवत नसे. फक्त त्या डावखुऱ्या होत्या आणि पाटीवर डाव्या हाताने लिहीत, एवढेच ती सांगायची. मी इतके दिवस स्वतःला पेरणारी समजून पीक कोठे आहे असे विचारत होते. योहानकृत शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात येशू शिष्यांना म्हणतो की दुसऱ्यांनी श्रम केले आणि तुम्ही त्यांच्या श्रमांत वाटेकरी झाला आहात. त्या डावखुऱ्या बाईंना कोणत्या बैठकीत काय विचारले गेले असेल कोण जाणे.

आम्ही दोघींनी ठरवले आहे की दर गुरुवारी जाणे आता झेपत नाही, म्हणून एक गुरुवार सोडून जाऊ. हे ठरवताना मला वाईट वाटले, ते लपवत नाही. ज्या गुरुवारी आम्ही नसू त्या दिवशी बसणारा माणूसही भुकेलाच असेल. त्याला मी प्रार्थनेत देवाच्या स्वाधीन करते आणि येथे कोणाला त्या गुरुवारी जाता येत असेल तर कळवावे, अशी विनंतीही करते.

म्हापशाचा कार्यकर्ता

ताई, पहिल्या आणि तिसऱ्या गुरुवारी मी दुपारी तीननंतर येऊ शकतो. मला पेज करता येत नाही, पण अर्ज भरणे आणि कागद वाचून दाखवणे मी करीन. वही मी आणतो.

बाणावलीकर

माझी बायको पेज करील. किती तांदूळ लागतो ते कळवा.

वास्कोची परिचारिका

तीन किलो उकडा तांदूळ पुरतो. रात्री भिजत घालून पहाटे चारला चुलीवर ठेवावा आणि मीठ शेवटी घालावे, कारण काही रुग्णांना मीठ वर्ज्य असते आणि नातेवाईक त्यांच्यासाठी थोडी पेज आत नेतात. ती आधी वेगळी काढून ठेवते. लोणचे माझ्याकडे आहे. गरम पाण्याचे दोन मोठे थर्मास मंडळीच्या कपाटात आहेत, त्यांतल्या एकाचे झाकण गळते, ते मी शनिवारी बदलून घेते.